घरच्या अंगणातून रात्रीचे प्राणी : सगळ्या घरानं मिळून करायचा छंद

रात्रीचे प्राणी पाहायला जंगलात जावं लागतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. विदर्भातल्या अगदी साध्या गावात, जिथं चिंचेची चार जुनी झाडं आहेत, एखादी पडकी गढी नाहीतर बंद पडलेली विहीर आहे आणि घरं संपली की वावरं सुरू होतात, तिथं पिंगळा, गव्हाणी घुबड, वटवाघूळ, रातवा पक्षी, उदमांजर, कोल्हा यांची ये-जा चालू असते. त्या वेळी आपण आत टीव्हीसमोर असतो आणि अंगणातला दिवा भगभगत असतो, म्हणून ते दिसत नाहीत एवढंच. इथं सांगतो तो छंद अंगणात, गच्चीवर, फार तर गुरांच्या कोठ्यापर्यंत जाऊन करायचा आहे. बारक्या पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना त्यात काम मिळतं आणि खर्च जवळपास नाही.

यातला मुख्य नियम असा, की आपण हिंडायचं नाही, बसायचं. बॅटरी घेऊन पांदणीनं, म्हणजे शेताकडच्या वाटेनं, फिरणाऱ्याला पळणारी शेपटी दिसते. बाजेवर गप्प बसणाऱ्याला आख्खा प्राणी दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड या भागात तर हा नियम जिवाचा आहे. तिथं वाघ आणि बिबट गावाच्या कडेपर्यंत येतात. तिथल्या घरांनी हे सगळं गच्चीवरून किंवा बंद फाटकाच्या आतूनच करावं, आणि अंधार पडल्यावर मुलांना कोठ्यामागे एकटं पाठवू नये.

आधी अंधार करा

अंगणातला पांढरा एलईडी बंद करा. कुणाला अगदीच अडचण होत असेल तर पिवळ्या उजेडाचा कमी वॅटचा बल्ब लावा आणि त्याचं तोंड जमिनीकडे करा. माणसाच्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ही कमाई मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून बसण्याआधी सगळे मोबाइल आत ठेवायचे. पोरं ऐकतात, मोठ्यांनाच सांगावं लागतं.

बॅटरी लागेलच, पण तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन थर रबर लावून बसवा. लाल उजेडाला बहुतेक निशाचर प्राणी कमी बुजतात आणि आपल्या डोळ्यांची अंधाराची सवयही फारशी मोडत नाही. एक साधी बॅटरी मात्र जवळ राहू द्या. ती प्राण्यांसाठी नाही, उठताना पायाखालची जमीन पाहायला.

कारण रात्रीच्या प्राण्यांत मण्यारही येते. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पोटात कळा, जड होणाऱ्या पापण्या यावरूनच कळतं. म्हणून सतरंजी टाकून बसू नका. बाज किंवा खाट घ्या आणि झोपायचं असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. गवतातून जायचं झालं तर गमबूट. दंशाची नुसती शंका आली तरी चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे काही न करता हात-पाय न हलवता थेट ग्रामीण रुग्णालय. 108 वर फोन केला की गाडी येते. एवढी तयारी असली की भीती बाजूला ठेवता येते.

पहिली रात्र कोणती निवडायची

सुरुवातीला चांदणं हवं. शुक्ल नवमीपासून पौर्णिमेपर्यंत कुठलीही निरभ्र रात्र चालेल. कोजागिरीला घर तसंही दूध आटवायला जागं असतं, त्या रात्री सुरुवात करणं सगळ्यांत सोपं. उन्हाळ्यात वऱ्हाडात, चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा गच्चीवर झोपणारी घरं आपोआपच या छंदात असतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

सूर्य मावळायच्या आधी बसा, पश्चिमेकडे तोंड करून. मागं मावळतीचा उजेड असला की उडणारं काहीही काळ्या आकारात स्वच्छ दिसतं. सगळ्यांत आधी पिंगळा निघतो, चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या ढोलीतून. मुठीएवढा पक्षी, गोल डोकं, पिवळे डोळे; आपल्याकडे पाहून खाली-वर डोकं हलवतो. मग बारीक वटवाघळं, घरांच्या फटींतून निघून वेड्यावाकड्या गिरक्या घेत डास आणि पतंग टिपणारी. त्यानंतर मोठी फळखाऊ वटवाघळं, पंख पसरले तर मीटरभराहून जास्त रुंद, सरळ संथ उडत जाणारी. गावात वडावर किंवा चिंचेवर त्यांची वस्ती असेल तर मुलांना मोजायला बसवा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं दर दहाला जमिनीवर काडी ठेवायची. महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून. या वटवाघळाच्या मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं. त्यामुळे झाडं तुटून वस्ती एकदा घटली की भरून यायला वर्षं जातात, आणि हे तुमच्या आकड्यांतच दिसेल.

घरातले म्हातारे पहिल्या रात्री हसतील. "पिंगळा कायले पाहाचा? तो तं रोज बोंबलते," असं आबाजी म्हणतील. म्हणू द्या. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला तेच सांगतात, की अमक्या साली आखरावर, गावची गुरं जमतात तिथं, तरस यायचा, तमक्याच्या वाडग्यातून लांडग्यानं बकरी नेली. ते वहीत लिहून घ्या. गावातल्या कोणत्या ओढ्याकाठी कोणता प्राणी होता, हे त्यांच्याखेरीज कुठंही नोंदलेलं नसतं.

डोळ्यांआधी कान

रात्री दहातल्या आठ गोष्टी ऐकूच येतात. आजीला इथं मुख्य करा. तिला झोप कमी असते आणि आवाज ओळखीचे असतात. पिंगळ्याची जोडी एकमेकांवर खेकसल्यासारखी चिरचिरते. गव्हाणी घुबड घुमत नाही, ते लांब खरखरीत फुत्कार टाकतं, आणि नव्या माणसाला ते भुताटकीचं वाटलं तर त्यात नवल नाही. मोठं शृंगी घुबड गावाबाहेरच्या नाल्याच्या दरडीवरून किंवा खडकावरून 'बू-बोऽ' असा खोल आवाज देतं. रातव्याचा 'चक् चक् चक् चकर्रर' फरशीवर टाकलेली गोटी टपटपत थांबावी तसा जलद होत संपतो. कोल्हेकुई सगळ्यांना माहीत असते. कोणत्या दिशेनं सुरू झाली आणि कोणत्या दिशेनं उत्तर आलं एवढं फक्त लिहा.

घुबडाबद्दल गावात दोन समजुती हमखास निघतील. एक, ते घरावर बसलं की कुणीतरी जातं. दुसरी, घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीवर नेऊन घासतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. पहिलीबद्दल मी आजीशी वाद घालत नाही, नुसतं दाखवतो की ते उंदरासाठी बसलंय. दुसरी मात्र खोडून काढू नये असं माझं मत आहे. त्या भीतीनं पोरांचे दगड हातातच राहतात.

चमकणारे डोळे

बॅटरी कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि हळूहळू फिरवा. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा पडदा असतो, तो उजेड आपल्या नजरेच्या रेषेतच परत येतो. बॅटरी कमरेशी धरली तर काहीच चमकत नाही. या एका कामाला साधा पांढरा उजेड लागतो, पण क्षणभरच. अंगणातल्या गवतात हिरवट-निळे बारीक ठिपके चमकले तर ते दवबिंदू समजू नका, जवळ जाऊन पाहा: कोळी असतात. पोरांना हे एवढं आवडतं की बाकी काही दाखवलं नाही तरी चालतं. रात्री ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, मोटारसायकलवर जाणाऱ्या बाबांना सांगून ठेवा, की पांदणीवर जमिनीलगत लाल-केशरी डोळे चमकले तर गाडी हळू करा. तो रातवा असतो. धुळीत बसलेला असतो आणि अगदी चाकाखाली येईपर्यंत उठत नाही.

फुफाट्यातले ठसे

या छंदातला माझा सगळ्यांत आवडता भाग हा. यात जागरण नाही, आणि शाळेच्या दिवसांतही जमतो.

चुलीची राख आणि पांदणीवरचा बारीक फुफाटा मैद्याच्या चाळणीनं चाळून घ्या, अर्धा-अर्धा. कोठ्यामागे, विहिरीच्या वाटेवर, कुंपणाच्या भोकासमोर, जिथून प्राणी जाणारच अशा जागी दोन हात लांब, एक हात रुंद पट्टा पसरा. जाडी बोटाच्या नखाएवढी पुरे. दिवेलागणीला तुराटीच्या झाडूनं किंवा सरळ फळीनं गुळगुळीत करा आणि एका कडेला स्वतःचं बोट दाबून पाहा. बोटाच्या रेषा उमटल्या तर थर बरोबर आहे. सकाळी कोंबड्या सोडण्याआधी पाहायचं, नाहीतर सगळं गेलं.

मांजरकुळातल्या पावलाला चार बोटं, गोलसर आकार आणि नखं नसतात, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा, कोल्हा, खोकड यांच्या ठशाला नखांचे टोकदार ठिपके दिसतात आणि आकार लांबट असतो. उदमांजराला पाच बोटं. सशाचे मागचे दोन लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढं पडतात, त्यामुळे तो कुठल्या दिशेला गेला यावर घरात पैज लागते आणि मोठी माणसं हरतात. साळिंदराचा ठसा रुंद आणि मागं काटे घासटल्याच्या बारीक रेषा. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात. बारीक पावलांच्या मधून सलग रेघ गेली असेल तर उंदराची शेपटी.

गावचं कुत्रं आणि कोल्हा एकट्या ठशावरून वेगळे करणं अवघडच. त्यासाठी पट्टा लांब करा आणि चाल पाहा. कुत्रं रेंगाळतं, वळतं, खांबाशी थांबतं. कोल्हा बहुतेक सरळ रेषेत निघून जातो. ठशाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून वरून, आडव्या कोवळ्या उन्हात फोटो घ्या. दुपारच्या उन्हात ठसा सपाट दिसतो.

विष्ठाही पाहायला शिका, हात न लावता. भिंतीच्या माथ्यावर, कौलांवर, आडव्या फांदीवर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ते उदमांजर. कुणी त्यालाच मसण्याउद म्हणून घाबरवतं, पण ते बोरं, उंबरं, शिंदीची फळं खाणारं जनावर आहे, जोडीला उंदीर. बोरांच्या दिवसांत त्यांच्या बिया पांदणीच्या मधोमध पडलेल्या दिसल्या तर कोल्हा. वाळून पांढरी पडलेली विष्ठा तरसाची: हाडं खाल्ल्यामुळे तिच्यात चुना असतो. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, मोहाखाली पट्टा टाकायचा मोह होईल. अस्वलांचा वावर असलेल्या भागात तो आवरा.

धोतरावरचे पतंग

पावसाळ्यात बाकी काही दिसेनासं होतं, तेव्हा हे करा. आबाजींचं जुनं पांढरं धोतर दोन बांबूंच्या मध्ये दोरीवर ताणून टांगा, खालची दोन हात कड जमिनीवर पसरून दगडांनी दाबा. समोर हातभर अंतरावर बल्ब. नव्या एलईडीवर पतंग कमी येतात, कारण त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. अडगळीतला जुना सीएफएल किंवा ट्यूबलाइट जास्त चांगला. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली, पाऊस येऊन गेलेली दमट रात्र घ्या. आठ ते दहा हे दोन तास पुष्कळ.

पोरांच्या कानाला रुमाल बांधा. भुंगेरा कानात गेला तर सगळ्यांचीच रात्र जाते. आणि काळ्या-केशरी रंगाचा, मुंगीसारखा लांबट बारीक किडा अंगावर बसला तर चिरडायचा नाही, फुंकून उडवायचा. त्याच्या अंगातल्या रसानं कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. चुकून चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा.

पतंगांची नावं नाही आली तरी चालतं, गट करा: पंख पसरून बसणारे, पाठीवर कौलासारखे मिटणारे, काडीसारखे दिसणारे. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला मोठा पतंग आला तर जवळ कान न्या, तो चक्क चीं-चीं करतो. त्याची अळी तिळावर वाढते. झाडी असलेल्या भागात फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चांद पतंग येतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांमुळे टसर रेशमाचा पतंगही येऊ शकतो. तिकडे ढीवर समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या या किड्यावर रेशीम काढत आली आहेत. या मोठ्या पतंगाला मोठेपणी काही खाताच येत नाही. आठवडाभर जगतो, तेवढ्यात जोडी जमवतो, अंडी घालतो आणि संपतो. हे ऐकून पोरं बराच वेळ गप्प होतात.

"हा टाइमपास कायले?" असं म्हणणाऱ्या बाबांना धोतराजवळ आणण्याचा उपाय सोपा आहे. तूर आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग, कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा बारीक करडा-तपकिरी पतंग, आणि पहिल्या पावसानंतर निघणारे हुमणीचे भुंगेरे हे सगळे रात्रीचेच आहेत. भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर पानं खायला जमतात. त्या आठवड्यात पिंगळे त्याच कडुनिंबावर सापडतात, एकेक भुंगेरा पकडून फांदीवर बसून खाताना. झाडाखाली बाज टाका.

दोन तास झाले की दिवा बंद करून धोतर हलकेच झटका. रात्रभर ठेवलं तर पाली, बेडूक आणि सकाळी कोतवाल पक्षी सगळे पतंग टिपून टाकतात.

घुबडाच्या गोळ्या

गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडावाटे टाकतं. गढीच्या कोनाड्याखाली, देवळाच्या शिखराखाली, गोदामात अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या सापडतात. हातमोजे घालून उचला, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग डेटॉल टाकलेल्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या चिमट्यानं आणि सुईनं सोडवा. नारिंगी-पिवळे, वाकडे पुढचे दात असलेली कवटी उंदराची. लांब निमुळती, पांढऱ्या टोकदार दातांची रांग असलेली चिचुंद्रीची. काळ्या कागदावर डिंकानं चिकटवून आख्खा सांगाडा जुळवता येतो. सुट्टीच्या दुपारचं काम आहे. नंतर हात साबणानं धुवायचे आणि भांडी वेगळीच ठेवायची.

वही

तारीख, वेळ, तिथी, पाऊस-वारा, काय दिसलं किंवा ऐकलं, कुठं, कोणी पाहिलं. बस. काही दिसलं नाही तर तेही लिहा. अक्षर पोरांचंच असू द्या.

घरी आणू नका

घुबड, उदमांजर, खवल्या मांजर, मांडूळ साप यांना पकडणं, पाळणं, विकणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. मांडुळानं पैशाचा पाऊस पडतो असं सांगणारे आणि दिवाळीच्या आसपास घुबडं मागणारे लोक गावात येतात. घरात अशी वही असलेली पोरं त्यांना पहिल्यांदा ओळखतात. पिंगळ्याचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर लगेच उचलून घरात आणू नका. मांजर-कुत्र्यापासून दूर, त्याच झाडाच्या फांदीवर ठेवा. आई-बाप रात्री खाऊ घालतात. जखमी असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. वटवाघूळ किंवा कोल्हा चावला, ओरखडला तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवून रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. आमिष म्हणून कोंबडीचे तुकडे टाकणं तर नकोच. त्यावर आधी भटकी कुत्री येतील आणि त्यांच्या मागं बिबट.

घुबडाला घर

पहिला हिवाळा पार पडला आणि गव्हाणी घुबड गावात आहे हे वहीवरून नक्की झालं, की पेटी करा. सुताराकडून प्लायवूडची, तळ दीड फूट बाय दीड फूट, उंची अडीच फूट. दार पाच-सहा इंचाचं, आणि त्याची खालची कड तळापासून दीड फूट वर, म्हणजे पिल्लं बाहेर पडत नाहीत. गोदामात किंवा उंच कोठ्यात दहा फुटांच्या वर बसवा, पण टिनाच्या छपराला चिकटून नाही. मे महिन्यात आत भट्टी होते. हरभऱ्यात आणि तुरीत इंग्रजी टी आकाराचे पक्षिथांबे लावा. दिवसा कोतवाल बसतो, रात्री पिंगळा.

पेटी लावल्यावर घरात ब्रोमॅडिओलोनसारखं उंदराचं औषध वापरू नका. ते खाल्लेला उंदीर काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, घुबडाच्या हाती सहज लागतो आणि विष पुढं जातं. पिंजरा लावा. पेटी उघडून पाहण्याची घाई नको, खाली गोळ्या पडायला लागल्या की कळतंच. वर्षभर कोणी आलं नाही किंवा साळुंकीनं बळकावली तर ती तशीच राहू द्या आणि दुसरी पेटी दुसऱ्या भिंतीवर लावा.